विश्लेषण : संगणकांच्या घड्याळांना लीप सेकंदाची खोटी वर्दी का मिळते? ती ओळखून रोखायची कशी?

जगाच्या अधिकृत वेळेत शेवटचा लीप सेकंद मिळवला गेला तो ३१ डिसेंबर २०१६ रोजी. त्यानंतर आजतागायत एकही लीप सेकंद आलेला नाही. याचाच अर्थ असा की, त्या दिवसानंतर जगातल्या कोणत्याही संगणकाला ‘आज मध्यरात्री एक सेकंद जादा मोजा’ अशी सूचना मिळाली असेल, तर ती खोटीच होती. अशा खोट्या सूचना यापूर्वी अनेकदा निघाल्या आहेत. त्या एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पसरतात आणि मानणाऱ्या प्रत्येक यंत्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकते. ही वर्दी कुठून येते, संगणक तिच्यावर विश्वास का ठेवतात आणि तिला अडवण्याची व्यवस्था काय, याचा हा आढावा.

लीप सेकंद म्हणजे काय?

आपण दोन वेगवेगळी घड्याळे एकाच वेळी पाळत असतो. एक पृथ्वीचे, म्हणजे तिच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याचे. दुसरे अणूचे. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या सिझियम-१३३ या अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांवर बांधलेली आहे. अणुघड्याळ कमालीचे स्थिर आहे, पृथ्वीचे फिरणे मात्र तसे नाही. चंद्राच्या ओढीने येणारी भरती-ओहोटी, पृथ्वीच्या गाभ्यातील हालचाली, बर्फाचे वितळणे यांमुळे दिवसाची लांबी मिलिसेकंदाच्या पातळीवर कमी-जास्त होत राहते. हा फरक साचत जातो. तो ०.९ सेकंदाच्या आत राहावा म्हणून १९७२ पासून जागतिक समन्वित वेळेत, म्हणजे ‘यूटीसी’मध्ये, गरजेनुसार एक सेकंद मिळवला जातो. तोच लीप सेकंद.

पंचांगातील अधिक महिन्याशी याचे नाते आहे. तिथेही चांद्र आणि सौर या दोन कालगणनांमधील तफावत भरून काढली जाते. मात्र अधिक महिना कधी येणार हे गणिताने कित्येक वर्षे आधी सांगता येते, लीप सेकंदाचे तसे नाही. पृथ्वी पुढच्या वर्षी नेमकी किती वेगाने फिरेल, याचे पक्के गणित कोणाकडेच नाही. त्यामुळे लीप सेकंद ‘जाहीर’ करावा लागतो आणि ती घोषणा प्रत्येक संगणकापर्यंत पोहोचवावी लागते. खोट्या वर्दीची शक्यता या पोहोचवण्यातच दडलेली आहे.

तो कोण ठरवते?

हा निर्णय पॅरिस वेधशाळेत कार्यालय असलेली आंतरराष्ट्रीय पृथ्वी परिवलन व संदर्भ प्रणाली सेवा (आयईआरएस) घेते. ही संस्था वर्षातून दोनदा ‘बुलेटिन सी’ नावाचे छोटे पत्रक काढते. येत्या जून किंवा डिसेंबरच्या अखेरीस लीप सेकंद आहे की नाही, एवढेच त्यात असते. १९७२ पासून २७ लीप सेकंद मिळवले गेले आणि ते सगळे ३० जून किंवा ३१ डिसेंबर या दोनच तारखांना आले. त्या दिवशी यूटीसीनुसार २३:५९:५९ नंतर थेट ००:००:०० न होता मध्ये २३:५९:६० असा एक सेकंद येतो. भारतात त्या वेळी दुसऱ्या दिवसाची पहाट उजाडत असते, म्हणजे साडेपाच वाजण्याच्या ऐन आधीचा क्षण.

ही सूचना संगणकापर्यंत कशी पोहोचते?

इंटरनेटवरील बहुतेक यंत्रे ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ म्हणजे ‘एनटीपी’ या पद्धतीने घड्याळ लावतात. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड मिल्स यांनी ही पद्धत घडवली. तिचे पहिले अधिकृत टिपण १९८५ चे. मिल्स यांचे जानेवारी २०२४ मध्ये निधन झाले, पण त्यांची पद्धत आजही जगाची घड्याळे सांभाळते. तिची रचना उतरंडीसारखी आहे. सर्वांत वर अणुघड्याळ किंवा जीपीएस ग्राहक यंत्र. त्याला थेट जोडलेला सर्व्हर पहिल्या थराचा. त्याला विचारून घड्याळ लावणारा दुसऱ्या थराचा आणि असेच खाली.

एनटीपीचा मूळ संदेश अवघा ४८ बाइटचा असतो. त्याचे सर्वांत पहिले दोन बिट लीप सेकंदासाठी राखलेले आहेत. ‘००’ म्हणजे काही विशेष नाही. ‘०१’ म्हणजे शेवटच्या मिनिटात ६१ सेकंद. ‘१०’ म्हणजे शेवटच्या मिनिटात ५९ सेकंद. ‘११’ म्हणजे माझेच घड्याळ लागलेले नाही, माझ्यावर विसंबू नका. पॅरिसमधील खगोलशास्त्रज्ञांचा निर्णय अखेर या दोन बिटांत मावतो. कोणत्या तारखेला, कोणी ठरवले, कोणत्या पत्रकानुसार, हे सांगायला त्यात जागाच नाही.

‘आज’ की ‘या महिन्यात’?

घोळ इथूनच सुरू होतो. एनटीपीच्या १९९२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ही खूण ‘चालू दिवसाच्या’ शेवटच्या मिनिटाबद्दल आहे, असे म्हटले होते. २०१० च्या चौथ्या आवृत्तीच्या मजकुरात तीच खूण ‘चालू महिन्याच्या’ शेवटच्या मिनिटाबद्दल झाली. गंमत म्हणजे त्याच दस्तऐवजातील तक्त्यात मात्र ‘दिवसाच्या शेवटच्या मिनिटात ६१ सेकंद’ असेच शब्द राहिले. महिनाभर आधी खूण लावणारा सर्व्हर आणि तिचा अर्थ ‘आजच’ असा घेणारा ग्राहक संगणक समोरासमोर आले, तर दोघेही आपापल्या परीने नियम पाळत असूनही घड्याळ चुकू शकते.

वर माहिती देणाऱ्या स्रोतांचेही एकमत नाही. जीपीएस उपग्रह येणाऱ्या लीप सेकंदाची माहिती काही महिने आधीपासून प्रसारित करतात, पण सोबत आठवड्याचा क्रमांक आणि वारही देतात. अमेरिकेचे ‘डब्ल्यूडब्ल्यूव्हीबी’ हे वेळ सांगणारे रेडिओ केंद्र त्या महिन्यात खूण लावून ठेवते. जर्मनीतील फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेनहून चालणारे ‘डीसीएफ ७७’ केंद्र फक्त शेवटचा एक तास आधी सांगते. या तिन्ही वेगवेगळ्या सूचनांचे रूपांतर शेवटी त्याच दोन बिटांत करायचे असते. हे काम करणारा प्रोग्राम किंचितही चुकला, तर खोटी वर्दी तयार झालीच म्हणून समजा.

खोटी वर्दी नेमकी कुठे जन्माला येते?

पहिली जागा म्हणजे जीपीएस ग्राहक यंत्र. जीपीएसच्या संदेशात लीप सेकंदाच्या आठवड्याचा क्रमांक फक्त आठ बिटांत लिहिलेला असतो. म्हणजे २५६ आठवड्यांनी तोच क्रमांक पुन्हा येतो. ३१ डिसेंबर १९९८ च्या लीप सेकंदानंतर बराच काळ नवा लीप सेकंद आला नाही आणि नोव्हेंबर २००३ च्या अखेरीस हे २५६ आठवडे पूर्ण झाले. मोटोरोलाच्या ‘ऑनकोर’ मालिकेतील काही यंत्रांच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये या प्रसंगाचा विचारच नव्हता. २८ नोव्हेंबर २००३ च्या मध्यरात्री त्यांनी एका सेकंदासाठी २९ तारीख दाखवली आणि मग ती पुन्हा २८ वर आली.

दुसरा प्रकार अधिक सरळ, पण अधिक उपद्रवी. जून २०१५ च्या लीप सेकंदाची माहिती जीपीएस उपग्रहांनी त्या वर्षी जानेवारीतच द्यायला सुरुवात केली. काही ग्राहक यंत्रांनी तारीख न पाहता २१ जानेवारीलाच तो सेकंद मिळवून टाकला. सूचना खरी होती. चुकले ते तिच्या अंमलबजावणीचे वेळापत्रक. ‘बैदू’ या चिनी उपग्रह प्रणालीसोबत काम करणाऱ्या काही यंत्रांत आणखी वेगळा दोष आढळला. जीपीएस आणि युरोपची ‘गॅलिलिओ’ प्रणाली आठवड्याचे वार १ ते ७ असे मोजतात, बैदू ते ० ते ६ असे मोजते. हा फरक लक्षात न घेतल्याने त्या यंत्रांत लीप सेकंद एक दिवस आधीच लागू झाला.

तिसरी जागा रेडिओची. डीसीएफ ७७ च्या संदेशात मिनिटे, तास आणि तारीख यांच्यासाठी पडताळणीचे बिट आहेत. लीप सेकंदाच्या खुणेला मात्र असे संरक्षण नाही. शेजारच्या एखाद्या यंत्राच्या विद्युत गोंगाटाने तो एकच बिट उलटला तर ० चा १ होतो आणि ग्राहकाला वर्दी मिळते. म्हणून शहाणा प्रोग्राम सलग अनेक मिनिटे तीच खूण दिसल्याशिवाय ती मान्य करत नाही.

चौथा आणि सर्वांत नेहमीचा प्रकार म्हणजे शिळी खूण. लीप सेकंद होऊन जातो, पण एखादा सर्व्हर ‘०१’ पुसून ‘००’ करायला विसरतो. ३० जून २०१२ च्या खऱ्या लीप सेकंदानंतर काही सर्व्हरवरील खूण तशीच राहिली. महिनाभराने, ३१ जुलैच्या मध्यरात्री, त्यांचे ऐकणाऱ्या यंत्रांनी कोणीही जाहीर न केलेला सेकंद मिळवला. आयर्लंडचे संशोधक डेव्हिड मलोन २००८ पासून सार्वजनिक एनटीपी सर्व्हरवर लक्ष ठेवून होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निरीक्षणांनुसार, लीप सेकंद असो वा नसो, जून किंवा डिसेंबरच्या अखेरीस सर्वच्या सर्व सर्व्हरनी खूण बरोबर लावली, असे एकदाही घडले नव्हते.

खोटा सेकंद मिळवला गेला की काय होते?

लिनक्ससारख्या प्रणालीत वेळ जुळवणारा प्रोग्राम सूचना मिळाल्यावर ती कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे सोपवतो. कर्नल तारीख-महिना पाहत बसत नाही. खूण लावलेली आहे ना, मग यूटीसीनुसार येणाऱ्या पहिल्या मध्यरात्री सेकंद मिळवायचा, एवढेच त्याला कळते. शिवाय खूण एकदा कर्नलपर्यंत गेली की ती लावणारा प्रोग्राम मधल्या काळात बंद पडला, तरी मध्यरात्री हुकूम बजावला जातो.

संगणकाच्या नेहमीच्या कालगणनेत दिवसाचे सेकंद ८६,४०० च असतात, त्यात साठाव्या सेकंदाला जागा नाही. म्हणून घड्याळ एक सेकंद मागे घेतले जाते आणि तोच सेकंद दोनदा मोजला जातो. लीप सेकंद खोटा असेल तर यंत्र जगाच्या एक सेकंद मागे पडते. पुढे काही मिनिटांनी एनटीपीच्या लक्षात येते की, इतर सर्व्हरच्या तुलनेत आपण मागे आहोत. फरक ०.१२८ सेकंदापेक्षा मोठा असल्याने तो हळूहळू न भरता, थोडा वेळ खात्री करून घड्याळ एकदम पुढे ढकलले जाते. म्हणजे आधी एक सेकंद मागे आणि मग एक सेकंद पुढे. नोंदवहीत आधी काही घटना दोनदा घडल्यासारख्या दिसतात, मग एक सेकंद गायबच होतो.

घड्याळ मागे गेल्याने काय घडते, हे खऱ्या लीप सेकंदांनी दाखवून दिले आहे. ३० जून २०१२ रोजी लिनक्स कर्नलमधील एका दोषामुळे असंख्य सर्व्हरचे प्रोसेसर विनाकारण पूर्ण क्षमतेने फिरू लागले. रेडिट, मोझिला यांच्या सेवा विस्कळीत झाल्या. क्वांटास विमान कंपनीची आरक्षण यंत्रणा अडखळल्याने ऑस्ट्रेलियात उड्डाणांना विलंब झाला. १ जानेवारी २०१७ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या डीएनएस प्रोग्रामने दोन वेळांची वजाबाकी केली, उत्तर ऋण आले आणि प्रोग्राम कोलमडला. ‘काळ मागे जात नाही’ हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने गृहीत धरले होते.

हे दोन्ही दिवस आधी जाहीर झालेले होते. तंत्रज्ञ जागे होते, मदतीची तयारी होती. खोट्या वर्दीत तेवढाही इशारा नसतो. कुठल्याशा मंगळवारी एखाद्या बँकेचे दोन सर्व्हर एकमेकांशी का पटवून घेत नाहीत, याचे कारण शोधताना लीप सेकंदाची शंका कोणाच्या डोक्यात येणार? त्यातच सगळी यंत्रे चुकत नाहीत, फक्त त्या सर्व्हरचे ऐकणारी चुकतात. म्हणून दोष घड्याळात नसून नेटवर्कमध्ये किंवा डेटाबेसमध्ये आहे, असाच समज आधी होतो.

खऱ्या-खोट्याची पारख कशी केली जाते?

पहिली चाळणी कॅलेंडरची. आजवरचा प्रत्येक लीप सेकंद जून किंवा डिसेंबरच्या अखेरीस आला आहे. त्यामुळे मार्चमध्ये किंवा जुलैच्या मध्यावर आलेली वर्दी पाहताक्षणी नाकारता येते. लिनक्सवर मोठ्या प्रमाणात वापरला जाणारा ‘क्रोनी’ हा प्रोग्राम हेच करतो. तो जून आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवसाखेरीज अन्य कोणत्याही दिवशी लीप सेकंदाची सूचना मानत नाही. एवढ्या एका नियमाने जुलै २०१२ सारखा प्रकार टळतो.

दुसरी चाळणी बहुमताची. एकाच सर्व्हरचे ऐकणाऱ्याला त्याचे खोटे पकडण्याचा मार्गच नसतो. क्रोनी आणि मिल्स यांच्या परंपरेतील ‘एनटीपीडी’ हे दोन्ही प्रोग्राम विश्वासार्ह ठरलेल्या स्रोतांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी तीच खूण दाखवली, तरच ती स्वीकारतात. म्हणून किमान चार स्रोत ठेवण्याचा सल्ला दिला जातो. मात्र त्या चारही सर्व्हरना वेळ पुरवणारी जीपीएस यंत्रे एकाच बनावटीची असतील, तर ते बहुमत नावापुरतेच उरते. एका घरातल्या चार माणसांनी एकच अफवा सांगितली, म्हणून ती खरी ठरत नाही.

तिसरी आणि सर्वांत भक्कम चाळणी म्हणजे लीप सेकंदांची अधिकृत यादी. आजवरच्या प्रत्येक लीप सेकंदाची तारीख असलेली ही छोटी फाइल सार्वजनिक आहे. तिच्यात मजकुराशी छेडछाड झाली का, हे तपासण्याचा अंक असतो आणि ‘ही माहिती अमुक तारखेपर्यंतच ग्राह्य’ अशी मुदतही असते. एनटीपीडीला ही फाइल दिली असेल आणि तिची मुदत संपलेली नसेल, तर सर्व्हरकडून आलेल्या सूचनेपेक्षा फाइलचा शब्द अंतिम मानला जातो. क्रोनीलाही प्रणालीतील अशाच यादीवरून चालायला सांगता येते. अडचण एकच, ही फाइल वेळोवेळी नवी करावी लागते. एकदा यंत्र बसवले आणि वर्षानुवर्षे हात लावला नाही, तर मुदत संपलेली यादी कुचकामी होते आणि यंत्र पुन्हा शेजाऱ्याच्या सांगण्यावर चालू लागते.

संदेशावर डिजिटल सही घेण्याची सोय आता एनटीपीत आहे. २०२० मध्ये प्रमाणित झालेल्या ‘नेटवर्क टाइम सिक्युरिटी’मुळे वाटेत कोणी बिट बदलले, तर ते लक्षात येते. पण सही पटवते ती सांगणाऱ्याची ओळख. सांगितलेली गोष्ट खरी आहे की नाही, हे ती सांगत नाही. सर्व्हरच फसलेला असेल, तर त्याची खोटी वर्दी रीतसर सहीनिशी पोहोचते.

मध्यरात्रीपूर्वी खोटी वर्दी लक्षात आली तर?

तेवढ्या वेळात नुकसान टाळता येते, पण क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ‘बुलेटिन सी’ पाहून वर्दी खरेच खोटी आहे याची खात्री करायची. मग कोणता स्रोत ‘०१’ दाखवतो आहे, हे शोधून तो यादीतून काढायचा. त्यानंतर वेळ जुळवणारा प्रोग्राम थांबवायचा, कर्नलमध्ये लागलेली खूण पुसायची आणि मगच प्रोग्राम पुन्हा सुरू करायचा. अनेक जण फक्त प्रोग्राम पुन्हा सुरू करतात. स्रोत तोच राहिला तर खूण थोड्याच वेळात परत येते आणि कर्नलमधली खूण पुसली नाही, तर ती तशीच मध्यरात्रीची वाट पाहते. शेवटी, आपल्याला विचारून घड्याळ लावणाऱ्या खालच्या थरातील यंत्रांवरही तीच तपासणी करावी लागते, कारण वर्दी तोवर त्यांच्यापर्यंत पोहोचलेली असू शकते.

त्यापेक्षा सोपे म्हणजे पाळत ठेवणे. डिस्क भरत आली किंवा प्रोसेसर तापला की जशी सूचना येते, तशीच सूचना लीप खूण ‘००’ नसल्यावर यावी, अशी व्यवस्था करता येते. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठीही एक धडा आहे. ‘किती वाजले’ हे सांगणारे घड्याळ आणि ‘किती वेळ गेला’ हे मोजणारे, कधीही मागे न जाणारे घड्याळ, असे दोन्ही प्रत्येक आधुनिक प्रणालीत असतात. कालावधी मोजण्यासाठी दुसरेच वापरले, तर खरा असो वा खोटा, लीप सेकंदाने प्रोग्राम कोलमडत नाही.

‘लीप स्मिअर’ने प्रश्न सुटतो का?

गुगलने २००८ पासून वेगळी वाट धरली. एकदम एक सेकंद मिळवण्याऐवजी तो दिवसभरात पसरवायचा. आज प्रचलित पद्धतीत यूटीसीच्या दुपारी १२ पासून दुसऱ्या दिवशीच्या दुपारी १२ पर्यंत प्रत्येक सेकंद सुमारे ११.६ मायक्रोसेकंदांनी लांबवला जातो. ॲमेझॉनची क्लाउड सेवाही याच मार्गाने जाते. ग्राहक यंत्रांना खूण पाठवलीच जात नाही, त्यामुळे त्यांनी चुकीचा निर्णय घेण्याचा प्रश्न मिटतो.

पण निर्णय नाहीसा होत नाही, फक्त तो वरच्या मोजक्या सर्व्हरकडे सरकतो. ते फसले तर खालच्यांना पत्ताही लागत नाही. दुसरे पथ्य म्हणजे पसरवणारे आणि न पसरवणारे सर्व्हर एकाच यादीत ठेवायचे नाहीत. पसरवण्याच्या काळात त्यांच्यात अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो आणि ग्राहक यंत्राला खरे कोण, हे कळेनासे होते. भारतीय वेळेनुसार हा काळ संध्याकाळी साडेपाच ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच असा येतो. म्हणजे ३१ डिसेंबरचा लीप सेकंद असेल आणि १ जानेवारी कामकाजाचा दिवस असेल, तर मुंबईतील शेअर बाजार सकाळी सव्वानऊला उघडताना पसरवलेले घड्याळ खऱ्या वेळेच्या सुमारे ०.३४ सेकंद पुढे असेल. सौद्यांची क्रमवारी सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागावर ठरते, तिथे हा फरक फार मोठा आहे.

भारतात याचे महत्त्व काय?

भारतीय प्रमाण वेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे (एनपीएल) आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय सायबर सुरक्षा यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांना आपली घड्याळे एनपीएल किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) एनटीपी सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी सुसंगत सर्व्हरशी जोडण्यास सांगितले. सायबर हल्ल्याच्या तपासात वेगवेगळ्या यंत्रांवरील नोंदी एका क्रमात लावायच्या असतात, हे त्यामागचे कारण उघड आहे. जानेवारी २०२५ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने भारतीय प्रमाण वेळेचा वापर सर्वत्र अनिवार्य करणाऱ्या नियमांचा मसुदाही जाहीर केला. त्यासाठी अहमदाबाद, बेंगळूरु, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी येथील प्रयोगशाळांतून वेळ पुरवण्याची योजना आहे.

एकाच अधिकृत स्रोतावरून सर्वांनी घड्याळ लावण्याचा फायदा मोठा आहे, पण त्याबरोबर त्या स्रोताच्या लीप खुणेची जबाबदारीही वाढते. वीज वहनाचे उदाहरण घ्या. दूरवरच्या उपकेंद्रांतील विद्युत कलेची मोजमापे एकाच क्षणाची आहेत, असे धरून ग्रिडची स्थिती ठरवली जाते. ५० हर्ट्झच्या ग्रिडमध्ये एका सेकंदात ५० आवर्तने होतात. एका उपकेंद्राने खोटा सेकंद मिळवला, तर त्याची मोजमापे इतरांशी जुळणार नाहीत.

लीप सेकंद रद्द होणार, मग चिंता कशाला?

नोव्हेंबर २०२२ मध्ये वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, पृथ्वी आणि अणुघड्याळ यांच्यातील मान्य फरकाची मर्यादा २०३५ पर्यंत वाढवण्याचा ठराव केला. लीप सेकंद व्यवहारातून जाईल, असा त्याचा अर्थ. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत संपलेल्या जागतिक रेडिओ परिषदेनेही त्याला पाठबळ दिले.

मात्र तोवर एक वेगळीच शक्यता उभी आहे. अलीकडच्या वर्षांत पृथ्वी किंचित वेगाने फिरू लागली आहे. ५ जुलै २०२४ चा दिवस २४ तासांपेक्षा सुमारे १.६६ मिलिसेकंदांनी लहान होता. अमेरिकी भूभौतिकशास्त्रज्ञ डंकन ॲग्न्यू यांनी मार्च २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेल्या गणितानुसार, २०२९ च्या सुमारास इतिहासात प्रथमच एक सेकंद वगळावा लागू शकतो. ध्रुवीय बर्फ वितळले नसते, तर ती वेळ २०२६ मध्येच आली असती, असे ते म्हणतात. एनटीपीतील ‘१०’ ही खूण आजवर एकदाही खऱ्या कामासाठी वापरली गेलेली नाही. म्हणजे ती हाताळणारा जगभरातील सगळा प्रोग्राम प्रत्यक्ष कसोटीला कधी उतरलेलाच नाही.

लीप सेकंद न येण्याचाही धोका असतो, हे २०२१ मध्ये दिसले. उपग्रहांकडून वेळ घेणाऱ्या ‘जीपीएसडी’ या प्रोग्रामच्या काही आवृत्त्यांत असे गृहीत धरले होते की, तोवर आणखी एक लीप सेकंद येऊन जीपीएस आणि यूटीसी यांच्यातील फरक १८ चा १९ सेकंद झालेला असेल. तो सेकंद आलाच नाही. त्यामुळे २४ ऑक्टोबर २०२१ रोजी हा प्रोग्राम स्वतःच्या तारखेवर शंका घेऊन १,०२४ आठवडे मागे, थेट मार्च २००२ मध्ये जाणार होता. आधी लक्षात आल्याने दुरुस्ती झाली आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने जाहीर इशारा दिला.

२०३५ नंतरही ते दोन बिट प्रत्येक संदेशाच्या सुरुवातीला राहतील. वीज उपकेंद्रांत, दूरसंचार मनोऱ्यांवर आणि कारखान्यांत बसवलेली जुनी यंत्रे ते वाचत राहतील. खरा लीप सेकंद दुर्मीळ होत जाईल, तशी प्रत्येक वर्दी खोटी असण्याची शक्यता वाढत जाईल आणि ती हाताळण्याचा अनुभव असलेली माणसे कमी होत जातील. कॅलेंडर, बहुमत आणि ताजी अधिकृत यादी या तीन चाळण्या लावायला एका तंत्रज्ञाचा अर्धा दिवस पुरतो. त्या लावलेल्या नसतील, तर मात्र दूरवरच्या कोणत्या सर्व्हरवरचा कोणता विसरलेला बिट आपले घड्याळ ठरवणार, हे आधी सांगता येत नाही.